यादी सर्वांची, किल्ली कोणाकडे?

यंदाच्या गणेशोत्सवात लेझीम पथकातली एक मुलगी दिसली नाही. इथे शिकायला आलेली, एकटी राहणारी. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "ताई, मी मंडळाला नंबर दिला तो तालमीची वेळ कळावी म्हणून. आता मला विम्याचे फोन येतात, डब्याच्या जाहिराती येतात, आणि दोन काकूंनी तर स्थळंसुद्धा सुचवली." ती हसत सांगत होती, पण पथकात परत आली नाही. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे, कारण चूक कार्यकारिणीची आणि त्यातही माझी होती.

झाले असे, की पथकाची यादी मी "कार्यक्रम" या गटाला दिसेल अशी ठेवली. माझ्या समजुतीप्रमाणे त्या गटात पाच-सहा जण होते. पण त्या गटाच्या पोटात "सर्व स्वयंसेवक" हा गट पूर्वीच कोणीतरी घालून ठेवला होता, आणि आजवर एकदा तरी खुर्च्या लावलेली प्रत्येक व्यक्ती त्यात होती! काही जण टोरांटोला गेलेले, काही पुण्याला परतलेले. मी यादी सहा जणांना दिली असे समजत होते. प्रत्यक्षात ती साऱ्या गावाला दिली होती.

गंमत अशी, की आपल्यातली किती तरी मंडळी ग्रँड कॅनाल डॉकच्या कचेऱ्यांत नेमके हेच काम करतात. कोण कर्मचारी कोणत्या गटात, कोणत्या गटाला कोणते दार उघडते, नोकरी सोडणाऱ्याचे प्रवेश कधी बंद करायचे, हे सांभाळणारी आयडेंटिटी मॅनेजमेंटची सॉफ्टवेअर ती दिवसभर चालवतात. संध्याकाळी मात्र तीच मंडळी मंडळाची एक्सेल फाइल "सर्वांना पाठवून दे" म्हणतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी रसायनशास्त्राची, संगणकाची नव्हे. पण या मंडळींकडून शिकलेली एक गोष्ट मला फार पटली. त्यांच्या व्यवस्थेत "संपर्क" आणि "वापरकर्ता" या दोन वेगळ्या नोंदी असतात. संपर्क म्हणजे नुसते नाव आणि पत्ता. त्याला निरोप पाठवता येतो, पण त्याला कोणतेही दार उघडता येत नाही. गटही दोन प्रकारचे असतात: एक निरोप पोचवण्यासाठी, दुसरा अधिकार देण्यासाठी. आपण या दोहोंची खिचडी केली आहे. ज्याला दिवाळी अंकाची सूचना मिळायला हवी, त्याला इतर सर्वांचे फोन नंबरही दिसतात. माझे म्हणणे एवढेच, की निरोपाची यादी वेगळी आणि किल्ल्यांची यादी वेगळी असावी.

यावर एक आक्षेप हमखास येतो: "अहो, आपण सगळे एकाच कुटुंबातले. आपल्यात कसले आले नियम?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. परदेशातल्या मंडळांच्या जुन्या छापील डिरेक्टरीत पत्ते, फोन, मुलांची नावेसुद्धा असत, आणि नव्याने आलेल्या माणसाला त्याच पुस्तिकेने आधार दिला. रात्री दोन वाजता भारतातून वाईट बातमी येते, तेव्हा मदतीला धावणाऱ्याचा नंबर हाताशी हवाच. पण ती पुस्तिका स्वयंपाकघराच्या खणात राहत असे. आजची फाइल एका बोटाने कुठेही जाते. आणि रात्री दोन वाजता लावलेला नंबर दोन वर्षांपूर्वी डब्लिन सोडून गेलेल्या माणसाचा निघाला, तर त्या यादीचा उपयोग काय?

प्रयोगशाळेत ईथरची बाटली उघडली की तिच्यावर तारीख घालतात. बाटली फार दिवस पडून राहिली तर आत पेरॉक्साइड तयार होतात आणि ते स्फोटक असतात. बाटली तीच, लेबल तेच, आतला माल मात्र बदललेला. तारीख नसलेली यादी मला तशीच वाटते.

कायद्याचेही थोडे सांगते. 25 मे 2018 पासून युरोपात लागू असलेला माहिती-संरक्षणाचा कायदा आपल्यालाही लागू आहे. निव्वळ वैयक्तिक आणि घरगुती वापराला त्यात सूट आहे. म्हणजे आपल्या फोनमधल्या मावशीच्या नंबराची काळजी नको. पण मंडळ म्हणजे घर नव्हे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, लागेल तेवढीच घ्यावी आणि लागेल तितकाच काळ ठेवावी, ही त्यातली तत्त्वे. यात कायद्यापेक्षा शहाणपणच जास्त आहे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे माझ्या चार सूचना आहेत. एक, अधिकार व्यक्तीला न देता पदाला द्यावा. खजिनदार बदलला की त्याच दिवशी जुन्याचा प्रवेश बंद, नव्याचा सुरू. यात अविश्वास नाही. घर सोडताना आपण किल्ली परत देतोच ना? दोन, गटात गट घालू नये; आपल्याएवढ्या मंडळाला त्याची गरज नाही. तीन, "कुटुंब" म्हणून एकट्या नवऱ्याच्या नावाची नोंद बंद करून प्रत्येक प्रौढ व्यक्तीची स्वतंत्र नोंद असावी, आणि कोणती माहिती कोणाला दिसावी हे ज्याचे त्याने ठरवावे. चार, दर पाडव्याला यादी तपासावी. सभासदाने "हो, मी आहे" असे कळवले तरच नाव पुढे चालू राहील. अडीअडचणीसाठी मात्र प्रत्येक भागातल्या दोन स्वयंसेवकांचे नंबर, त्यांच्या संमतीने, सर्वांना खुले असावेत.

हे काम कंटाळवाणे आहे हे मला ठाऊक आहे. पहिली साफसफाई मी करते. डॉकवरच्या मंडळींपैकी दोघांनी दोन शनिवार द्यावेत. त्यानंतर त्या मुलीला मी पुन्हा फोन करणार आहे. तेव्हा "तुझा नंबर आता फक्त पथकप्रमुखाकडे आहे" असे मला खरेपणाने सांगता आले पाहिजे.

— कार्यकारिणीतील एक स्वयंसेविका