आधी लाल पेशींचे वय पाहा



ज्या मधुमेहींचे बिलिरुबिन थोडे जास्त असते त्यांची साखर अधिक आटोक्यात राहते, असे सांगणारे लेखन हल्ली वारंवार वाचायला मिळते. ते अगदीच निराधार नाही. बिलिरुबिन ऑक्सिडीकरणाला अटकाव करते, हे प्रयोगशाळेतील कामाच्या आधारे 1987 मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले गेले. 2007 मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील संशोधकांना गिल्बर्ट सिंड्रोम असलेल्या, म्हणजे जनुकीय कारणाने बिलिरुबिन किंचित चढे राहणाऱ्या मधुमेहींमध्ये डोळ्यांच्या पडद्याचे, मूत्रपिंडाचे व हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार कमी आढळले. पण मधुमेहाची गुंतागुंत कमी असणे वेगळे आणि साखर आटोक्यात असणे वेगळे. साखरेबद्दलचा निष्कर्ष बहुधा एचबीएवनसीवरून काढला जातो, आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे.

लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत जाते आणि एचबीएवनसी मोजते ते हेच चिकटलेले प्रमाण. पेशी मुदतीआधीच फुटू लागल्या की रक्तात कोवळ्या पेशी जास्त होतात, त्यांना ग्लुकोज चिकटायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत आणि आकडा उतरतो. साखर असते तिथेच. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनपासूनच बिलिरुबिन तयार होत असल्याने त्याचा आकडा मात्र चढतो. दोन्ही बदल एकाच कारणाचे असताना एकाला दुसऱ्याचे श्रेय देणे चूक आहे. समजा, रिपोर्टवर एचबीएवनसी 6.1 आहे, खाली अंदाजे सरासरी साखर 128 छापली आहे. पण उपाशीपोटीची साखर दर वेळी 170 च्या आसपास, जेवणानंतरची 250, एकूण बिलिरुबिन 2.2 आणि त्यातले डायरेक्ट, म्हणजे यकृतात प्रक्रिया झालेले, केवळ 0.4. असा रुग्ण पहिल्याच आकड्यावर खूश होऊन गोळ्या कमी करून घेईल, आणि डोळे व मूत्रपिंडे 128 नव्हे, खरी साखर सोसत राहतील.

असे रुग्ण विरळाच, असा आक्षेप येईल. महाराष्ट्रात तो टिकत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे; थॅलेसेमिया, जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे; कुष्ठरोगावरचे डॅप्सोन घेणारे रुग्ण आहेत, आणि त्या औषधानेही लाल पेशी लवकर फुटून एचबीएवनसी खोटे कमी दिसू शकते. बिलिरुबिन नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. सिकलसेलच्या केवळ वाहकांचे बिलिरुबिन बहुधा वाढत नाही. तरीही आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या 2017 मधील अभ्यासात, रक्तातील साखर सारखीच असताना, वाहकांचे एचबीएवनसी सुमारे 0.3 ने कमी भरले. निदानाची रेषा 6.5 वर असताना एवढा फरक माणसाला रुग्ण ठरण्यापासून चुकवायला पुरेसा आहे.

गिल्बर्टवाल्यांना उगाच घाबरवू नका, असेही कोणी म्हणेल. मान्य आहे. त्यांच्यात बिलिरुबिन साचते ते यकृतातील एका विकराची क्रिया मंद असल्यामुळे. पेशींचे आयुष्य सहसा नेहमीइतकेच असते, म्हणून त्यांच्या एचबीएवनसीवर सहसा विश्वास ठेवता येतो. पण गिल्बर्टमध्येही डायरेक्ट नसलेले बिलिरुबिनच वाढते. त्यामुळे कागदावर दोघे सारखेच दिसतात, आणि हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट काउंट, एलडीएच पाहिल्याशिवाय हा गिल्बर्ट की पेशी फुटताहेत हे ठरवता येत नाही. खर्चाचा मुद्दाही मला पटत नाही. पहिली शंका घ्यायला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पुरते, आणि ती तालुक्याच्या गावीही तपासून मिळते. साखर आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल तरच पुढच्या तपासण्या, हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा फ्रुक्टोसामाइन, कराव्या लागतात.

प्रयोगशाळांनी एचबीएवनसीच्या रिपोर्टवर, सरासरी साखरेच्या आकड्याशेजारीच, ठळक मराठीत छापावे : ‘सिकलसेल, थॅलेसेमिया, अलीकडे रक्त चढवलेले असणे किंवा लाल पेशी फुटण्याचा आजार असल्यास हा आकडा फसवा असू शकतो; डॉक्टरांना सांगा.’ आणि बिलिरुबिनचे गुण सांगणाऱ्या लेखकांनी आपल्या अभ्यासातील साखर कशाने मोजली होती, तेही वाचकांना सांगावे.

— एक वाचक