चौदा एप्रिलची सुट्टी डिसेंबरातच मागा

काशीदच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची गर्दी कधी उसळते? 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि त्यांना लागून आलेले शनिवार-रविवार. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, नेमके त्याच दिवशी अलिबाग-मुरुड रस्त्यावरच्या रिसॉर्टांत चादरी बदलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, गेटवर उभे राहणाऱ्या आपल्या माणसांच्या अंगावर सर्वात जास्त काम. यात नवल नाही, धंदाच तसा आहे. पण त्या दिवसाचे देणे काय, याची चर्चा वस्तीत होत नाही.

आरोग्याच्या पानावर सुट्टीचा विषय कशाला, असे कुणी विचारील. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्र अभ्यास जाहीर केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्के जास्त आढळला. हंगामात रोज दहा-अकरा तास, तेही सातही दिवस भरणाऱ्याने आपला हिशेब स्वतःच करावा. दुसरी गोष्ट अगदी साधी. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची. सुट्टीच नसेल तर ब्लड प्रेशरची गोळी संपल्यावर आणायला जाणार कोण? गोळी बंद पडते ती बहुतेक वेळा आळसाने नव्हे, हजेरी बुडेल म्हणून.

आता कायदा. दुकाने, हॉटेले आणि कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्याप्रमाणे आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, वर्षाला 8 नैमित्तिक रजा आणि 8 पगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. या आठपैकी चार कायद्यानेच ठरवलेल्या आहेत, आणि त्या म्हणजे वर सांगितलेले गर्दीचेच चार दिवस. मालक त्या दिवशी कामावर बोलावू शकतो, मात्र मग दुप्पट मजुरी द्यायची आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या दिवशी सुट्टीही द्यायची. "दुप्पट दिले ना, मग सुट्टी कसली?" हे बोलणे चुकीचे आहे. दोन्ही द्यावे लागते. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावले, तर तिची बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत मिळाली पाहिजे.

उरलेल्या चार सुट्ट्या कोणत्या? आपली माणसे फसतात ती इथे. 14 एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा सरकारी यादीत आहेत, म्हणून त्या रिसॉर्टातही आपोआप लागू होतात असा समज आहे. ती यादी 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याखाली निघते. तो मुळात हुंडी-चेकच्या व्यवहाराचा कायदा. बँका, सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद राहतात, पण खासगी मालक त्या यादीने बांधला जात नाही. त्याला बांधतो तो करार. चार सुट्ट्या मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या, असे कायदा सांगतो. एप्रिलच्या 12 तारखेला मॅनेजरपुढे जाऊन उभे राहिलो तर ती मेहेरबानी ठरते. डिसेंबरात सह्यांचा अर्ज दिला तर तो हक्क ठरतो.

चारही सुट्ट्या आपल्या सणांना मिळणार नाहीत, हे उघड आहे. कोकणात गणपतीला एक जाईलच, दिवाळीला एक, मुरुडकडच्या सहकाऱ्यांना ईद हवी असेल. त्यांच्या मागणीला आपण पाठिंबा द्यावा, आपल्या मागणीवर त्यांची सही घ्यावी. एकच मागायची तर आम्ही 14 एप्रिल म्हणू. ज्यांनी 1942 ते 1946 मजूर खाते सांभाळताना कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले आणि 1945 मध्ये ज्याचा कायदा झाला, त्यांच्या जयंतीला त्यांचेच माणूस बिनपगारी घरी बसावे, हे बरे दिसत नाही.

कायद्याची भिंत मात्र खचते आहे. हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. पाच-सहा माणसांवर चालणाऱ्या खानावळी आणि घरगुती राहण्याच्या जागा आधीच बाहेर होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि रोजचे तास नवावरून दहा करण्याचा निर्णय घेतला. काशीदसारख्या ठिकाणी बारा-पंधरा माणसांची रिसॉर्टे कितीतरी. तिथला कामगार याने उघड्यावर पडतो. धंदा सोपा व्हावा म्हणून हे केले, असे सांगितले जाते. कुणासाठी सोपा, हे चादरी धुणाऱ्या बाईला विचारावे. अशा लहान जागी निदान आठवड्याचा एक दिवस तरी कामाला लागतानाच पक्का करून घ्या, आणि हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवा. तंटा झाला तर कामगार कार्यालयात ती वही दाखवता येते.

बदली सुट्टी मागताना वारही सांगा. मंगळवार-बुधवारी किनाऱ्यावर गर्दी नसते, मालक सहसा अडवत नाही, आणि सकाळची ओपीडी चालू असते.