वजन एकच, मिजाज वेगळा

कड्यासारख्या गावात आपल्या घरांत दोन भाषा नांदतात. घरात दख्खनी, शाळेत आणि बाजारात मराठी. मुलगा मराठीत गझल लिहू लागला की वडीलधारे विचारतात, "गझल उर्दूची, मराठीत तिचे वजन कसे बसणार?" आम्हांला वाटते, याचे उत्तर वाद घालून नव्हे, अक्षरे मोजून द्यावे.

अरबी अरूझमध्ये 'फऊलुन' म्हणजे एक लघु, दोन गुरू. तो चारदा आला की मुतकारिब ही बहर होते. मराठीत याच क्रमाला भुजंगप्रयात म्हणतात. फिरदौसीच्या 'शाहनामा'ची बहरही हीच, फक्त शेवटचे अक्षर गळालेले. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातातच आहेत. फारसीचे अभ्यासक माधव जूलियन यांनी 'गज्जलांजली'तून आणि पुढे सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली, ती या नात्याच्या आधारावरच.

सरावासाठी आम्हीच जुळवलेला एक मतला घेऊ :

घराला कडी लावली, चालले ते
कधी यायचे हे कुठे बोलले ते

'ते' हा रदीफ. 'चालले', 'बोलले' हे काफिये. म्हणजे पुढच्या शेरांत 'झेलले', 'पेलले' असेच शब्द हवेत. आता मोजा : घ-रा-ला, क-डी-ला, व-ली-चा, ल-ले-ते. चारही वेळा लघु-गुरू-गुरू.

पण मोजणी जुळली म्हणजे गझल झाली असे नाही. मनाच्या श्लोकांत हेच वजन उपदेश करते; इथे ते ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या पावलांसारखे चालते. 'लावली'नंतर आपण थांबतो, पण तिसरा गण तिथे संपलेला नसतो. दार बंद झाले तरी चाल थांबत नाही. दुःख हा शब्द कुठेच नाही. ते 'कुठे' या एका शब्दात आहे. मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि मुले त्या शब्दाने दारात उभी राहतात.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या कितीतरी दारांना अशा कड्या लागतात. हे दुःख उर्दूत सांगा किंवा मराठीत, वजन तेच आहे. तेव्हा मुलांना भाषेवरून अडवू नका. इशानंतर घडीभर जवळ बसवा, आजोबांना पाठ असलेला एखादा उर्दू शेर आणि मुलाचा मराठी शेर दोन्ही बोटांवर मोजा. आजोबांची बहर नातवाच्या हाती सोपवण्याची याहून सोपी वाट आम्हांला तरी दिसत नाही.