कपाटातला उन्हाळा

गेल्या वैशाखात मुळशीच्या आमच्या घरातला ॲम्प्लिफायर बंद पडला. दोष माझाच. वायरी दिसू नयेत म्हणून टीव्हीखालचं कपाट मीच सुताराकडून सगळीकडून बंद करून घेतलं होतं. दुरुस्ती करणाऱ्यानं फुगलेला कपॅसिटर माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "काका, हा उकडून मेला."

मग संगणकातले बारा व्होल्टचे दोन पंखे बसवले. तरी आत भट्टीच! गरम हवा वर चढते, तिला बाहेर काढणारा पंखा वर हवा हे ठीक. पण खालून गार हवा आत यायला वाटच नव्हती. पंखे बिचारे तीच हवा घुसळत होते. जुन्या घरांत भिंतीला वर झरोके ठेवणाऱ्यांना हे कळत होतं, आयुष्यभर हिशेब तपासलेल्या मला नाही.

पंखे वीज खातात ती चिमूटभर, कबूल. पण याच खोऱ्यातली गावं विजेसाठी पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांसह इथले शेतकरी त्याविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. त्या धरणाच्या शेजारी बसून, केवळ चार वायरी झाकण्यासाठी दिवसभर पंखे फिरवायचे?

परवा कपाटाची मागची फळीच काढली आणि एक पंखा उतरवला. "वायरी दिसतात," ही म्हणाली. दिसू देत.