रिकाम्या मैदानाचा कौल

डब्लिनच्या फिनिक्स पार्कात २९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मिस्सा अर्पण केली, तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे जमली होती. आयर्लंडची लोकसंख्या त्या वेळी चौतीस लाखांच्या आत होती. त्याच मैदानात २६ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस आले, तोवर लोकसंख्या अठ्ठेचाळीस लाखांवर गेली होती. पाच लाख मोफत तिकिटे वाटली होती. व्हॅटिकनने उपस्थिती तीन लाख सांगितली, तर मैदान सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने दीड लाखाच्या आसपास. त्या दिवशी पाऊस होता, वयस्कर माणसांना लांबून चालत यावे लागत होते, काहींनी तर निषेध म्हणून तिकिटे घेऊन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या. ही कारणे खरी आहेत, पण एवढी तफावत त्यांनी भरून निघत नाही. मग ‘आयरिश माणसाची श्रद्धाच संपली’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. तो मला मान्य नाही. आधी उडाला तो बिशपांवरचा विश्वास. कॅथलिक चर्चमध्ये बिशपची नेमणूक रोम करते. भाविकाला तिथे मत नाही, बिशपला हटवण्याचा अधिकार नाही, हिशेब मागण्याची सोय नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जायचे की घरी राहायचे. फिनिक्स पार्कात दिसला तो हा कौल होता.

मुळात १९७९च्या गर्दीचा अर्थच नेतृत्वाने चुकीचा लावला. एवढे लोक येतात म्हणजे आपले सगळे त्यांना मान्य आहे, असे धरून चालण्यात आले. फिनिक्स पार्कच्या दुसऱ्या दिवशी गॉलवेजवळच्या बॅलिब्रिट रेसकोर्सवर सुमारे तीन लाख तरुण जमले होते. पोप येईपर्यंत त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेत मैदान जागे ठेवण्याचे काम दोन अतिशय लोकप्रिय धर्मगुरू करत होते : गॉलवेचे बिशप एमन केसी आणि फादर मायकल क्लिअरी. केसींना तेव्हा पाच वर्षांचा मुलगा होता आणि भाविकांना त्याची गंधवार्ताही नव्हती. १९९२मध्ये ते उघड झाले, मुलाच्या आईला धर्मप्रांताच्या पैशांतून रक्कम दिल्याचेही समोर आले आणि केसींना पद सोडावे लागले. क्लिअरी तर संततिनियमनाविरुद्ध चर्चची शिकवण हिरिरीने मांडणारे. त्यांनाही मुले असल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर कळले. ब्रह्मचर्याचे व्रत मोडले, हे लोकांनी कदाचित पोटात घातले असते. दुसऱ्यांच्या संसाराला नियम घालून देणारे स्वतःला मात्र त्या नियमांतून वगळतात, ही गोष्ट त्यांना सोसली नाही.

पुढे जे बाहेर आले त्यापुढे ही प्रकरणे फिकी पडतात. १९९४मध्ये फादर ब्रेंडन स्मिथ याने वर्षानुवर्षे मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार गाजले आणि त्याच्या प्रत्यार्पणातल्या दिरंगाईवरून आयर्लंडचे सरकार कोसळले. मे २००९च्या रायन अहवालाने धार्मिक संघांच्या औद्योगिक शाळांतली मारहाण आणि अत्याचार नोंदवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्लिन धर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल आला. गुप्तता राखणे, बदनामी टाळणे, चर्चची प्रतिष्ठा आणि मालमत्ता जपणे यांनाच धर्मप्रांताच्या प्रमुखांनी किमान नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्राधान्य दिले आणि मुलांचे हित मागे पडले, असा त्याचा निष्कर्ष होता. या अहवालातला एक तपशील मला शेकडो पानांहून बोलका वाटतो. कार्डिनल डेस्मंड कॉनेल यांनी एका पीडिताला समजावून सांगितले होते, की भरपाईसाठी धर्मप्रांताचा पैसा ‘वापरला जात नाही’ असे आपण पत्रकारांना सांगितले. तो पूर्वी ‘वापरला गेला नव्हता’ असे आपण म्हटलेच नव्हते. म्हणजे थेट खोटे बोलायचे नाही, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ द्यायचा. ज्याच्या बालपणाची माती झाली त्याला हे ऐकवणाऱ्यांचे प्रवचन पुढच्या रविवारी निमूट ऐकावे, अशी अपेक्षा भाविकाकडून कोणत्या तोंडाने करणार?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे सगळे झाले नसते तरी चर्च ओस पडलीच असती. नव्वदच्या दशकात पैसा आला, शिक्षण वाढले, तरुण शहरांत आणि परदेशांत गेले. युरोपभर हेच घडले. यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दहापैकी नऊ आयरिश कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात आणि ते प्रमाण या घोटाळ्यांच्या आधीपासूनच हळूहळू घटत होते. पण निव्वळ उदासीन झालेला माणूस निषेध करत नाही, त्याला ते सारे बिनमहत्त्वाचे वाटते. फिनिक्स पार्कात मिस्सा चालू होती त्याच दुपारी डब्लिनमध्येच पीडितांच्या बाजूने हजारो लोक उभे राहिले होते आणि तिकडे ट्यूममध्ये ७९६ मुलांची नावे वाचली जात होती. १९२५ ते १९६१ या काळात धर्मभगिनींनी चालवलेल्या तिथल्या माता-बाल आश्रमात मेलेली ही मुले. त्यांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कोर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकेक करून मिळवल्या. २०१७मध्ये त्या जागी, सांडपाण्याच्या जुन्या बांधकामाशी जोडलेल्या भूमिगत कप्प्यांत बालकांचे अवशेष असल्याचे चौकशी आयोगाने सांगितले. मेलेल्याला सन्मानाने मूठमाती द्यावी ही चर्चचीच शिकवण. ट्यूमला जमलेले लोक तीच शिकवण चर्चपुढे धरत होते.

मतपेटीतही हेच दिसते. गर्भपाताला घटनेतच आडकाठी घालणाऱ्या दुरुस्तीला १९८३मध्ये ६६.९ टक्के मतदारांनी पाठिंबा दिला होता. मे २०१८मध्ये ६६.४ टक्क्यांनी ती काढून टाकली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१२मध्ये, मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे कळूनही त्यांची गर्भपाताची विनंती नाकारली गेली होती. ‘हा कॅथलिक देश आहे’ असे आपण त्यांना म्हटल्याचे तिथल्या परिचारिकेने चौकशीत मान्य केले. दुरुस्ती काढून टाकणाऱ्यांत चर्चमध्ये जाणारेही पुष्कळ होते. २०२२च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिकच म्हणवले. त्याच वर्षी आयरिश धर्मप्रांतांनी भाविकांची मते गोळा करून रोमला पाठवली, तेव्हा अत्याचारांची जखम, स्त्रियांना निर्णयांत स्थान आणि कारभाराची उत्तरदायिता हेच विषय पुढे आले. घराचा त्याग केलेली माणसे घराच्या दुरुस्तीची यादी पाठवत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अत्याचार सगळ्याच संस्थांत होतात, घरांतही होतात. चर्चने माफी मागितली, मग तिलाच किती काळ धारेवर धरायचे? चर्चने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्याय ठरेल. आर्चबिशप डायर्मिड मार्टिन यांनी मर्फी आयोगाला हजारो कागद दिले. फ्रान्सिस यांनी फिनिक्स पार्कातच मिस्सेच्या सुरुवातीला क्षमा मागितली आणि मे २०१९मध्ये बिशपांविरुद्धच्या तक्रारींच्या चौकशीचे नियमही केले. पण माफीपाठोपाठ जबाबदारी येते आणि घोडे तिथेच अडते. २००२मध्ये सरकारशी झालेल्या करारानुसार धार्मिक संघांनी १२.८ कोटी युरो देऊन आपली मान सोडवून घेतली. पीडितांच्या भरपाईचा एकूण खर्च पुढे दीडशे कोटींच्या घरात गेला आणि त्याचा बहुतेक भार करदात्यांवर पडला. त्यांत पीडितही आले. बालसुरक्षेसाठी पोपनीच नेमलेल्या आयोगातून मारी कॉलिन्स या पीडित महिलेने मार्च २०१७मध्ये राजीनामा दिला, तो व्हॅटिकनमधल्या नोकरशाहीच्या असहकाराला कंटाळून.

सप्टेंबर २०२४मध्ये धार्मिक संघांच्या ३०८ शाळांविषयीचा सरकारी अहवाल आला. त्यात अत्याचाराच्या २,३९५ तक्रारी आहेत, ८८४ जणांविरुद्ध. सरकारने चौकशी आयोग नेमायचे ठरवले. आता संघांनी जुनी दप्तरे आपणहून त्याच्या स्वाधीन करावीत, आपल्या मालमत्तेचा हिशेब जाहीर करावा आणि भरपाईचा वाटा वकिलांमार्फत घासाघीस न करता उचलावा. बिशप नेमण्याआधी त्या धर्मप्रांतातल्या भाविकांचे, त्यांतल्या स्त्रियांचेही, मत घेण्याचा नियम रोमने करावा. रविवारी चर्चची बाके किती भरतात याची चिंता बिशपांनी त्यानंतर करावी.