मुलांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या

२०१७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेरा वर्षांची असताना, मी माझा पहिला कॉम्प्युटर जोडला. म्हणजे घरी आलेल्या पाहुण्यांना तसं सांगितलं जातं. खरं काय घडलं ते आज लिहिते, कारण मला जे म्हणायचंय ते त्यातच आहे.

पप्पांनी ठरवलेल्या पैशांत तयार मशीन बसत नव्हतं. म्हणून एका शनिवारी आम्ही सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला गेलो. हैदराबादेत कुणालाही ‘सीटीसी’ म्हटलं की पुरे, पत्ता सांगावा लागत नाही. सोबत माझा आतेभाऊ होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. यादी मात्र मी केली होती: दोन कोरचा पेंटियम, मदरबोर्ड, चार जीबी रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट. दुकानदार यादी बघून पप्पांना म्हणाला, “बच्ची क्या जोड़ती साब, मैं जोड़ के देतूँ.” पप्पा म्हणाले, घरीच जोडेल ती.

घरी आल्यावर दादाने चादर अंथरली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मला म्हणाला, “तू टॉर्च धर.” मी दोन तास टॉर्च धरला. तो चांगला मुलगा आहे, प्रत्येक भागाचं नावही सांगत होता. पण हात एकाचेच चालले होते. शेवटी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळीच. दादाने अर्धा तास खटपट केली आणि निकाल दिला, “बोर्डच खराब आहे. सोमवारी बदलून आणू.”

रात्री मी मदरबोर्डसोबत आलेलं पुस्तक घेऊन बसले. वीज देणाऱ्या वायरींच्या पानावर दोन चित्रं होती. एक चोवीस पिनांचा मोठा जोड, तो आम्ही लावला होता. दुसरा प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा. प्रोसेसरला वीज त्यातूनच मिळते. तो कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात तसाच लोंबत होता.

सकाळी मिस्साला निघण्याआधी पप्पांना दाखवलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मी विचारलं, “दादाला फोन करू?” ते म्हणाले, “कशाला? तुला सापडलंय ना? तूच लाव.” लावला. स्क्रीनवर अक्षरं आली.

तर मी जोडलं ते एवढंच, चार पिना. पण गेली आठ वर्षं घरातलं कुठलंही यंत्र बंद पडलं की माझा हात मागे येत नाही, तो त्या सकाळपासून. आणि म्हणून माझं मत असं आहे, की बारा-तेराव्या वर्षी प्रत्येक मुलाला, आणि मुद्दाम सांगते, प्रत्येक मुलीला, एकदा तरी कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने उघडायला आणि जोडायला मिळाला पाहिजे. यासाठी दोन गोष्टी लागतात: उघडणारं यंत्र आणि हातातून काम काढून न घेणारा मोठा माणूस. दोन्ही कमी होत चालली आहेत.

आधी यंत्राचं बघू. तेरा वर्षांच्या पोरीला कॉम्प्युटर जोडता येतो यात तिची हुशारी थोडी आणि इतिहासाचा भाग मोठा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि सर्किटच्या आकृत्यांसकट माहितीपुस्तक विकायला ठेवलं. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने त्याला जुळणारं मशीन जाहीर केलं, मागून इतर आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं. तेव्हापासून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. रॅमला खाच असते, ती उलटी बसत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत पहिला कॉम्प्युटर ‘असेंबल्ड’ आला, गल्लीतल्या कुणा पोराने जोडलेला, तो याच्याच जोरावर.

माझा धाकटा भाऊ आता तेरा वर्षांचा आहे. त्याचा लॅपटॉप सुंदर आहे, वहीएवढा पातळ. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. कमी वीज खाणारी मेमरी बहुधा अशीच बसवतात, त्यामुळे बॅटरी जास्त चालते, हे मला मान्य आहे. पण रॅम कमी पडली तर तो काय करणार? नवा लॅपटॉप मागणार. त्याला दुसरं काही सुचतच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ते चांगलंच झालं. पण हक्क मिळूनही हात घाबरत असतील तर काय उपयोग?

आता मोठ्या माणसांचं. मुलांच्या हातातून काम काढून घेणारे बहुतेक प्रेमानेच काढून घेतात. “दे इकडे, मी पटकन करतो.” मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. ती यादी करते, किमती विचारते, टॉर्च धरते आणि तयार झालेल्या मशीनसमोर तिचा फोटो काढतात. नंतर आपणच म्हणतो, मुलींना यात रस नसतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला पैशाचा. माझ्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये ११५१ बारीक पिना होत्या, त्यातली एक वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. महिन्याचा हिशोब जेमतेम जुळवणाऱ्या घराने ही जोखीम का घ्यावी? घेऊ नये. म्हणूनच शिकायला जुनं, टाकून दिलेलं मशीन चांगलं. दुसरा आक्षेप धोक्याचा. प्लग काढून काम केलं तर धोका फार थोडा उरतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मोठ्या माणसाने ठाम राहावं ते इथे, बाकी ठिकाणी हात पाठीमागे बांधून उभं राहावं.

तिसरा आक्षेप आपल्या मंडळातल्याच एका मैत्रिणीचा: “तू पुढे साहित्यच घेतलंस ना? मग उपयोग काय झाला?” इंजिनिअर झाले नाही, खरंय. आणि कवितेशी याचा ओढूनताणून संबंध मी लावणार नाही. उपयोग साधा आहे. मशीन चालेना की सगळं काढायचं, लागतं तेवढंच ठेवायचं, एकेक भाग परत लावून बघायचं. चूक कुठे आहे ते रागावून कळत नाही, आणि “खराब आहे” असं कुणी मोठ्याने सांगितलं म्हणून ते खराब असतंच असंही नाही. तेराव्या वर्षी एवढं कळलं तर काय वाईट?

आपल्या कॉलेजच्या जिन्याखाली जुन्या लॅबमधले कॉम्प्युटर धूळ खात पडलेत. ते भंगारात जाण्याआधी चार शनिवार आपल्याला मागून घेऊ या. शेजारच्या शाळेतली सातवी-आठवीची मुलं बोलावू, ज्यांनी कधीच काही उघडलं नाही त्यांना आधी बसवू. भाग कुठला ते मराठीत सांगू, तेलुगूत सांगू, जमेल तसं सांगू. शेवटी जे चालणार नाही ते ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात देऊ. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या हव्यात.

एकच नियम: ज्याला येतं त्याने स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. टॉर्च धरायला मी आहेच.