रायफल घ्याल हो, पण चावी कुणाकडे?

आपल्या जिमखान्याने स्वतःची एअर रायफल घ्यावी ही मागणी काही नवी नाही. दर वर्षी ती निघते आणि दर वर्षी चर्चा एकाच प्रश्नापाशी घोटाळते : कुठल्या कंपनीची? एक म्हणतो जर्मन, दुसरा म्हणतो ऑस्ट्रियन, तिसरा मोबाईलवर किमती काढून दाखवतो, आणि दोन लाखांच्या पुढचा आकडा ऐकून मंडळी चहाला उठतात. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तीन वर्षे एन. सी. सी. त .२२ रायफल हाताळली, दोन वर्षे उसनी एअर रायफल. तेवढ्या अधिकारावर सांगते की, हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाने धरला आहे. कंपनीचे नाव तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यावे. ती रायफल सांभाळणार कोण, कशाने सांभाळणार आणि त्याचे पैसे दर वर्षी कुठून येणार, हे आधी ठरावे.

मागणीचा जोर वाढला तो २०२४ च्या १ ऑगस्टनंतर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक मिळवले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या. कोल्हापूर आपल्याला परके नाही, सकाळच्या एस. टी. ने गेले तर दुपारी जेवायला घरी परत येता येते. तेव्हा 'आपल्यालाही जमेल' असे वाटणे साहजिकच आहे. पण कुसाळे यांच्याविषयी वर्तमानपत्रांतून आलेली एक गोष्ट आपल्या चर्चेत कुणी काढत नाही. त्यांच्या वडिलांनी कर्ज काढले ते काडतुसांसाठी. संपून जाणाऱ्या वस्तूसाठी कर्ज काढणारा बाप हा खेळ आपल्यापेक्षा जास्त समजलेला होता, असे मला वाटते.

आम्हाला पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. यंत्र घेतले तो भांडवली खर्च, यंत्राला तेल घातले तो महसुली. रायफलीच्या बाबतीत आपण पहिल्यासाठी वर्गणी काढायला तयार असतो आणि दुसऱ्याचा विचारही करत नाही. साधा हिशेब मांडून बघा. दहा मीटरच्या सामन्यात ६० गोळ्या मोजल्या जातात. त्याआधीच्या चाचणीच्या धरून सरावाच्या एका बैठकीला ८० लागतात म्हणू. आठवड्यातून चार दिवस सराव म्हणजे माणशी ३२०. पाच मुले धरली तर आठवड्याला १६००, आणि वर्षात तीस आठवडे सराव झाला तर ४८,००० छर्रे. पाचशेचा एक डबा धरला तर ९६ डबे! यातला एकही डबा आपल्या जिमखान्याच्या अंदाजपत्रकात मी अजून पाहिलेला नाही. मग होते काय, महागडी रायफल येते, सोबत चार डबे येतात, ते पहिल्या पंधरवड्यात संपतात, आणि रायफल कपाटात जाते.

कपाटात गेलेल्या रायफलीचे काय होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याच भागातल्या एका संस्थेत (नाव कशाला सांगू?) साहेबांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, परदेशी रायफल ठेवलेली होती. आम्ही सरावाला मागितली तेव्हा चावी ज्या कारकुनाकडे होती तो निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेला. आठ दिवसांनी कपाट उघडले. फोमच्या बंद पेटीत रायफल दोन पावसाळे पडून होती. नळीवर तांबूस ठिपके, दर्शकाचे स्क्रू गच्च बसलेले, आणि हवेच्या नळकांड्याची मुदत उलटून गेलेली. बेळगावचा पाऊस काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने बंद फोममध्ये लोखंड ठेवूच नये. मृगापासून गौरी-गणपतीपर्यंत आपले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे फोम वाळेल कसा? तो पाणी धरून बसतो आणि ते सावकाश रायफलीला पाजत राहतो. उघड्या कपाटात उभी ठेवावी, वापरानंतर घामाचे हात लागलेली प्रत्येक जागा कोरड्या फडक्याने पुसावी, बाहेरच्या पोलादावरून तेलाचा नुसता हात फिरवावा, आणि कपाटात ओलावा शोषणारे निळे मणी ठेवावेत. मणी गुलाबी झाले की ओलावा भरला असे समजून ते बदलावेत किंवा तापवून पुन्हा वापरावेत. याला शिक्षण लागत नाही, पण रोज करणारा एक माणूस लागतो.

कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "होगली बिडू!" जाऊ दे गं, सोडून दे. आपल्या दोन्ही भाषांचे या एका बाबतीत पक्के एकमत आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे पूजतो, त्यांच्याकडे आयुधपूजा असते. दोघेही त्या दिवशी रायफल बाहेर काढतो, पाण्याने पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच ओली आत ठेवतो. पूजेला माझा विरोध नाही. आमच्या घरी शिलाई मशीनचीही होते. फक्त पूजेनंतर कोरडे फडके फिरवावे, इतकीच विनंती.

शिलाई मशीन निघालीच आहे तर तिच्या तेलाबद्दलही बोलले पाहिजे. एन. सी. सी. त आमचे उस्ताद सांगत, "पहले चिंदी, फिर चाय." फायरिंग झाले की आधी नळीतून चिंदी फिरवायची, तेल द्यायचे, मगच चहा. .२२ मध्ये दारू जळते, तिची काजळी राहते, म्हणून ती सवय बरोबरच. पण तीच मुले एअर रायफलीकडे आली की तोच हात चालवतात, आणि हवेच्या झडपेत मशीनचे तेल सोडतात. आताच्या सामन्यांच्या रायफलींत साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते. एवढ्या दाबाच्या हवेत पेट्रोलियमचे तेल गेले तर ते पेट घेऊ शकते. आतल्या रबरी कड्या खराब होतात ते वेगळेच. तिथे सिलिकॉनचे ग्रीस लागते, तेही नखभर आणि माहितगाराने लावलेले. नळीतून तेलकट चिंदीऐवजी नमद्याचे छोटे बोळे सोडतात. एका शस्त्राचा सांभाळ दुसऱ्याला मारक ठरतो, म्हणून 'मला रायफल येते' एवढ्यावर कुणाच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर देऊ नये.

आपल्या उद्यमबागेत लेथवर काय वाटेल ते करून मिळते याचा मला अभिमान आहे. दस्त्याला लावायचे वजन, गालपट्टीचा स्क्रू, रायफल टेकवायचा स्टँड खुशाल तिथे करून घ्यावा. हवेच्या दाबाखालचा एकही भाग मात्र तिथे करून घेऊ नये.

ज्यांना ही सारी काळजी अतिरेकी वाटते त्यांनी एक माप लक्षात ठेवावे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. दर्शकाचा एक स्क्रू पाव फेरा सैल असला तर तुमचा श्वास, तुमची एकाग्रता, पहाटेचे योगासन, सगळे पाण्यात. मनू भाकर यांचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, त्यात २५ जुलैला दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत, ऐन मध्यावर, त्यांच्या पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर मोडली. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, उरलेल्या गोळ्या घाईने झाडाव्या लागल्या, आणि ५७५ गुणांवर त्यांची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यात हयगय कुणाची होती असे मी म्हणत नाही. यंत्र आहे, मोडते. पण जगातल्या उत्तम शस्त्राचे असे होते, तर चार सुटे भाग जवळ न ठेवता आपण विद्यापीठाच्या सामन्याला जातो हे धाडस म्हणावे की भोळेपणा? त्याच मनू भाकर यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये दोन ब्राँझपदके घेतली, हेही सांगायला हवे.

परदेशांत 'प्रॅक्टिकल शूटिंग' नावाचा एक प्रकार आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. त्यात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. धावत, वळत, आडोशामागून नेम धरतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. पिस्तूल मध्येच अडले तर घड्याळ थांबत नाही आणि फेरी पुन्हा मिळत नाही. त्यामुळे तिथली मंडळी शस्त्र निवडताना 'किती अचूक' याच्याही आधी 'दर वेळी चालते का' हे पाहतात. मॅगझिनवर आकडे घातलेले असतात. अडखळले तर दोष कुठल्या मॅगझिनचा हे लगेच कळावे म्हणून. किती गोळ्या झाडल्या याची नोंद ठेवून स्प्रिंग मोडायच्या आधीच बदलतात. प्रत्येक काडतूस सामन्याआधी मापात बसवून बघतात. तो खेळ आपल्या कॉलेजच्या आवाक्यातला नव्हे. तिथे लागणाऱ्या पिस्तुलाला परवाना हवा, परवान्याला एकवीस वर्षे पूर्ण हवीत, आणि मला तर अजून विसावेच चालू आहे. पण ती वही ठेवायला परवाना लागत नाही.

आता निवडीकडे येते. एक भारी रायफल घेण्यापेक्षा दोन मध्यम, वापरलेल्या पण सामन्याच्याच दर्जाच्या घ्याव्यात, असे माझे मत आहे. एक बिघडली तर सराव बंद पडत नाही. कॉलेजच्या रायफलीला पाच-सात हात लागणार, म्हणून तिच्या दस्त्याची लांबी आणि गालपट्टीची उंची कमी-जास्त करता आलीच पाहिजे, आणि प्रत्येकाची मापे भिंतीवर लिहिलेली असावीत. सहा फुटी मुलाच्या मापाची रायफल पाच फुटी मुलीने उचलली की मान वाकडी होते, आणि मग दोष तिच्या 'कमी ताकदी'ला दिला जातो. जुनी रायफल बघताना नळीपेक्षा आधी हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचावी. नळी जपली तर कित्येक वर्षे टिकते. नळकांड्याचे आयुष्य दहा वर्षांचे धरतात, आणि मुदत संपलेले नळकांडे सामन्याला आणू नये याची जबाबदारी नियमाने नेमबाजावरच आहे. विकणारा सांगतो, "दहा वर्षांची आहे, पण नव्यासारखी." घसारा शिकलेल्या माणसाने हे वाक्य ऐकून नव्या नळकांड्याची किंमत वजा करावी आणि मगच तोंड उघडावे.

जाकिटे वेगवेगळ्या मापांची हवीत. ती जाड कॅनव्हासची असतात. धुवायची नाहीत, घडी घालायची नाही, वापरानंतर वाऱ्यावर टांगायची, नाहीतर श्रावणात त्यांना बुरशी येते. रायफलीच्या किमतीतून थोडे पैसे वाचवून जाकिटात घातले तर नवशिक्याला त्याचा फायदा जास्त होईल. छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय कॅन्टीनला जायचे नाही, हा नियम रेंजच्या दारावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे : वरच्या पातळीवर उत्तम शस्त्राशिवाय पदक मिळत नाही. मान्य. पण वरच्या पातळीवर जाणाऱ्याला तिथे शस्त्र देणारे कुणीतरी भेटते. कॉलेजच्या रायफलीची गरज असते ती त्याआधीच्या माणसाला. ज्यांच्या घरी ऐपत आहे ते स्वतःची रायफल घेऊन येतात आणि चांगले नेम मारतात, त्यांचे कौतुकच आहे. वडगावच्या विणकराची मुलगी, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणाऱ्याचा मुलगा, यांना मात्र कपाटातलीच रायफल मिळणार. ती गंजलेली निघाली तर त्यांचा खेळ तिथेच संपतो, आणि तो संपला हे कुणाला कळतही नाही. आमच्या तुकडीतल्या दोन मुली दुसऱ्या वर्षाला आहेत. दोघींचे हात स्थिर आहेत, दोघींकडे स्वतःचे काही नाही.

मी या वर्षी कॉलेजातून बाहेर पडेन. जिमखान्याची बैठक जूनमध्ये असते. रायफल घेण्याचा ठराव झालाच तर त्याच ठरावात तीन वर्षांच्या छर्ऱ्यांची तरतूद असावी. एक वही असावी : कोणी, कधी, किती गोळ्या झाडल्या, काय सैल सापडले, कोणी पुसून ठेवली. आणि चावी दोघांकडे असावी, एक क्रीडाशिक्षकांकडे आणि एक सराव करणाऱ्या मुलांच्या प्रमुखाकडे, दोघांच्या सहीने. ऑफिसातल्या खुंटीवर ती टांगू नये. पुढच्या वर्षी पुन्हा कुठलीतरी निवडणूक असेलच.